ओठ हलवणाऱ्यांचे सर

“या, या, रांगेत जागा आहे!”

सर हे वाक्य कुठेही म्हणत. गाण्याच्या तालमीला कोणी दारातून डोकावलं आणि म्हणाले, तर ते समजण्यासारखं आहे. पण ते बँकेत म्हणत, कॅन्टीनच्या काउंटरपुढे म्हणत आणि एकदा तर प्रशासकीय इमारतीच्या लिफ्टमध्ये म्हणाले. लिफ्ट सहा माणसांची, आत आम्ही सात उभे. दार मिटता मिटता सरांना बाहेर लेखा विभागातले मुकादम दिसले. मुकादम म्हणजे एकटे दीड माणूस. “या, या, जागा आहे!” व्हायचं तेच झालं. लिफ्ट दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये जाऊन बसली. इलेक्ट्रिशियन येईपर्यंत वेळ फुकट का घालवायचा, म्हणून सरांनी आम्हाला तीन वेगवेगळ्या पट्ट्यांत ‘आ’ लावायला शिकवलं. बाहेर जमलेल्या लोकांना वाटलं, आत कोणीतरी गेलं.

आमचं विद्यापीठ बेलापूरला, टेकडीच्या अंगाला आहे. मी तिथे पात्रता विभागात होते. बाहेरून आलेला विद्यार्थी प्रवेशाला पात्र आहे की नाही, हे त्याची कागदपत्रं बघून ठरवायचं, हे माझं काम. सर समूहगानाचे संचालक होते. म्हणजे पुष्कळ माणसं एकत्र गायला लागली की त्यांच्यापुढे उभं राहून हात हलवायचे, हे त्यांचं काम. मला सुरुवातीला वाटायचं, या कामाला पगार कशाला लागतो? हात तर आमचे साहेबही हलवतात.

पण सरांचे हात वेगळेच होते. ते त्यांच्या ताब्यात नसायचे. आमच्या कुलसचिवांचं भाषण चालू असलं, की सरांचा उजवा हात मांडीवरून आपोआप उठायचा. हात वर गेला की कुलसचिवांचा आवाज चढायचा. खाली आला की उतरायचा. कुलसचिवांना हे कधीच कळलं नाही, पण आम्हाला कळलं होतं. एका बैठकीत सरांच्या मनगटावर डास बसला, त्यांनी हात जोरात झटकला आणि कुलसचिव वाक्य अर्धवट टाकून खाली बसले. विषय रजेच्या नियमांचा होता, त्यामुळे कोणी काही बोललं नाही.

स्टेशनसमोरच्या रस्त्यावर हा माणूस मनातल्या मनात गाणं बसवत चालायचा आणि हात हलले की रिक्षा थांबायच्या. एकदा एकदम तीन थांबल्या. तिन्ही रिक्षावाले सरांवर ओरडायला लागले, तर सर त्यांना म्हणतात, “वा! तुमचा आवाज तळमजल्याचा आहे. बुधवारी तालमीला का येत नाही?”

तळमजला म्हणजे काय, ते सांगायला हवं. गायकांचे आवाज उंचीप्रमाणे वाटून द्यायचे असतात. सरांनी त्या गटांना सोसायटीच्या इमारतीची नावं दिली होती. बारीक आवाजाच्या मुली गच्चीवर, त्याखालचे मधल्या मजल्यावर, पुरुष तळमजल्यावर. मुकादमांसारखे खर्जातले जे कोणी असतील, ते पार्किंगमध्ये. “पार्किंग, तुमची गाडी बाहेर काढा,” असं सर म्हणाले की मुकादम घसा खाकरायचे आणि मला पायाखालची फरशी हलल्यासारखी वाटायची.

विद्यार्थी गायला फारसे यायचे नाहीत. त्यांना लेक्चर, नोकरी, प्रेम अशी कामं असतात. म्हणून सर कर्मचाऱ्यांनाही धरून आणत. मीही अशीच धरली गेले. सह्यांची फाइल घेऊन व्हरांड्यातून चालले होते. आतून हाक आली, “या, या, रांगेत जागा आहे!” आत गेले तर वीस-पंचवीस माणसं ओळीने उभी राहून जांभया देत होती. घसा मोकळा करायचा व्यायाम होता म्हणे. मला वाटलं, इतक्या लोकांना ऑफिसच्या वेळेत अधिकृतपणे जांभया द्यायला मिळतात, तर आपण का मागे राहायचं? फाइल खिडकीत ठेवली आणि उभी राहिले.

दुसऱ्या आठवड्यात सरांनी मला पाण्याच्या कूलरजवळ बाजूला घेतलं. आवाज अगदी खाली आणून म्हणाले, “मॅडम, तुमच्या चेहऱ्यावर गाणं फार सुंदर उमटतं. गळ्याला कशाला उगाच त्रास देता? तुम्ही नुसते ओठ हलवा. आणि हे आपल्या दोघांतच राहू दे.”

मला आधी फार बरं वाटलं. घरी येऊन नवऱ्याला सांगितलं, “माझ्या चेहऱ्यावर गाणं उमटतं.” तो पेपरमधून डोकं वर न काढता म्हणाला, “म्हणजे तुला गाता येत नाही.” तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. दोन दिवस मी नवऱ्यावर रागावले. सरांवर रागावायला हवं होतं, पण ते जमेना.

आणि मग मी बरीच वर्षं ओठ हलवले. हे काम सोपं आहे असं समजू नका. आरशासमोर उभं राहून सराव केला. ‘देश’ म्हणताना भुवया वर, ‘ज्ञान’ म्हणताना डोळे अर्धे मिटलेले. विद्यापीठाच्या वार्षिक अंकात समूहगानाचा फोटो छापायचे, त्यात मी कायम पुढच्या रांगेत. इतके भाव ओतून गाणारी दुसरी कोणी त्या फोटोत दिसायची नाही. माझ्या मावशीने तो फोटो फ्रेम करून घेतला.

माझ्या एका बाजूला मुकादम उभे राहायचे आणि दुसऱ्या बाजूला कॅन्टीनमधल्या कुंदामावशी. कुंदामावशी जवळच्या करावे गावच्या. त्यांच्याकडच्या लग्नांत धवले गातात, त्यासाठी पंचक्रोशीत त्यांना बोलावणं असतं. “माजा आवाज पार खाडीपरत जातो,” असं त्या सांगायच्या. मला वाटायचं, आपल्या दोन्ही बाजूंना असे दणदणीत लोक आहेत, आपल्या एकटीच्या न गाण्याने काय बिघडतंय? तरी मनात एक खंत असायची. सगळे कष्ट करतायत आणि आपण फुकट उभ्या आहोत. चोरून एखादा शब्द मोठ्याने म्हणावा असं फार वाटायचं. पण सरांना शब्द दिला होता.

सरांचं निवृत्तीचं वर्ष उजाडलं आणि कुलसचिवांनी एक टूम काढली. विद्यापीठगीत स्टुडिओत नेऊन चांगल्या गायकांकडून रेकॉर्ड करून घ्यायचं आणि यापुढे समारंभात तेच वाजवायचं. “एक बटण दाबलं की काम झालं,” ते म्हणाले. “तालीम नको, बुधवारी अर्धं ऑफिस गायब व्हायला नको.”

सर म्हणाले, “आणि माणसं?”

“माणसं काम करतील.”

सर त्या दिवशी कॅन्टीनमध्ये माझ्यासमोर येऊन बसले. चहात बिस्कीट बुडवलं आणि तसंच धरून ठेवलं. ते तुटून आत पडलं तरी त्यांना कळलं नाही. म्हणाले, “मॅडम, माझं काय, मी चाललोच आहे. पण ही रांग मोडायला नको. मला दुसरं काही नको.” सरांच्या हातांना मी पहिल्यांदाच गप्प पाहत होते. मला फार वाईट वाटलं आणि कुलसचिवांच्या टेबलावरची घंटी पळवून कुठेतरी फेकून द्यावी असंही वाटलं.

शेवटी कुलगुरूंनी मध्यममार्ग काढला. दीक्षान्त समारंभात यांना गाऊ दे, ऐकू आणि मग ठरवू. म्हणजे सगळी भिस्त त्या एका गाण्यावर आली. आम्ही पेटून उठलो. मुकादमांनी तळलेलं सोडलं. कुंदामावशी रोज सकाळी कोमट पाणी प्यायल्या. मी नवी लिपस्टिक घेतली.

आता एक गोष्ट कोणाच्याच लक्षात आली नाही, त्याला काय म्हणावं! आमच्यातली सुरेल गाणारी आठ मुलं होती, ती सगळी त्या वर्षी पदवीधर झाली होती. म्हणजे दीक्षान्त समारंभात ती झगे घालून खाली खुर्च्यांवर बसणार होती. एकदा आडनावांच्या क्रमाने बसवलं की उठायचं नाही, असा तिथल्या संयोजकांचा नियम. समारंभ सुरू व्हायच्या तोंडावर हे कळलं. सर म्हणाले, “असू दे. आठ गेले तरी बाकीचे पुष्कळ आहेत.”

पडदा सरकला. समोर कुलगुरू, कुलसचिव, प्रमुख पाहुणे, झगेच झगे. सरांनी पेटीवर सूर दिला, पुढे येऊन उभे राहिले आणि दोन्ही हात उचलले. आम्ही श्वास घेतला. हात खाली आले.

मी जीव ओतून ओठ हलवायला लागले आणि दोन ओळी झाल्यावर माझ्या लक्षात आलं की मला ऐकू येत नाहीये.

माझी बोबडीच वळली. याच वयात, याच क्षणी कान जावेत? गाणं तर चालूच होतं, सगळ्यांची तोंडं उघडत-मिटत होती. मी हळूच मुकादमांकडे पाहिलं. त्यांचं तोंड एवढं उघडलेलं, की आत पडजीभ दिसत होती. डोळे मिटलेले, मानेच्या शिरा ताठ. आवाज शून्य. दुसरीकडे कुंदामावशी, तोच प्रकार. आणि त्याही डोळ्यांच्या कोपऱ्यातून माझ्याकडे बघत होत्या, तितक्याच घाबरून. नंतर कळलं, रांगेतल्या प्रत्येकाला आपणच बहिरे झालो असं वाटलं होतं.

साउंडवाला वायरी तपासत स्टेजखाली शिरला. निवेदिकेने माइकवर टकटक केलं, तो चांगला चालू होता. प्रमुख पाहुण्यांनी कानातलं यंत्र काढून हलवलं, परत घातलं, परत काढलं. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात, पण आमचं अंगणही सरळ होतं.

मी सरांकडे पाहिलं. सर एकेकाच्या तोंडाकडे बघत चालले होते. गच्ची, मधला मजला, तळमजला, पार्किंग. आपण इतक्या वर्षांत कूलरजवळ नेऊन कोणाकोणाला काय सांगितलं, ते त्यांना त्या वेळी आठवत असणार. त्यांचे हात मात्र तालात चालूच होते. मग त्यांचे खांदे गदगदायला लागले. मला वाटलं रडतायत. ते हसत होते.

हसत हसतच ते पुटपुटले, “गा. सगळे गा. आवाज काढून गा!”

परवानगी मिळाली खरी, पण चाल कोणाला येत होती? इतकी वर्षं कोणी काढलीच नव्हती. एकट्या कुंदामावशींना आवाज कसा टाकायचा ते माहीत होतं. त्यांनी टाकला. शब्द विद्यापीठगीताचे आणि चाल धवल्याची, नवरदेवाला हळद लावतानाची. तो आवाज सभागृहाच्या मागच्या भिंतीपर्यंत जाऊन आला. आम्ही सगळे त्यांच्या मागे धावलो. मुकादमांची गाडी पार्किंगमधून जी सुटली ती थेट गच्चीवर. मी काय गायले ते मला सांगता येणार नाही, पण मोठ्याने गायले. खाली बसलेल्या झग्यांत करावे, नावडे, उरणकडची पुष्कळ मुलं होती. त्यांना ती चाल घरचीच. ती टाळ्या वाजवायला लागली आणि शेवटचं कडवं अर्ध्या सभागृहाने म्हटलं. सरांचे हात असे फिरत होते, की तिथे रस्ता असता तर बेलापुरातल्या सगळ्या रिक्षा थांबल्या असत्या.

प्रमुख पाहुणे भाषणात म्हणाले, “आधी ते गंभीर मौन आणि त्यातून उमललेलं या मातीतलं गाणं! असा धाडसी प्रयोग मी पाहिला नव्हता.” कुलगुरूंनी मान डोलावली. कुलसचिवांनी कपाळाला हात लावला.

मागे खोलीत गेल्यावर आमची जी जुंपली!

“मुकादमसाहेब, तुम्ही पण?”

“मॅडम, माझं सोडा. तुमी पण? मला तर सर बोलले, तुमच्या चेहऱ्यावर गाणं लई सुंदर उमटतं.”

“अहो, हे मला सांगितलं होतं!”

“माजे पन चेहऱ्यावर उमटतं,” कुंदामावशी म्हणाल्या. “मना सांगितलान, मावशी, तुजा आवाज लय मोटा हाय, बाकीचे दबतान.”

सगळ्यांच्याच चेहऱ्यावर उमटत होतं. इतकी वर्षं अपमान गिळून बसलेली माणसं आता एकदम रुसली, कारण हा मान आपल्या एकट्याचा नव्हता. आम्ही सरांना घेरलं.

सर खुर्चीवर बसले. म्हणाले, “शाळेत असताना पाहुण्यांसमोर गायला उभं केलं होतं. बाईंनी ऐकलं आणि मला हाताला धरून रांगेबाहेर काढलं. मी खिडकीबाहेरून बघत होतो. मला सगळं गाणं पाठ होतं हो.” मग म्हणाले, “गाता आलं तर उत्तमच. मला ते पुढे शिकता आलं. पण म्हणून ज्याला येत नाही त्याला बाहेर काढायचं, हे माझ्याच्याने होत नाही.”

यावर कोण काय रुसणार? मुकादमांनी त्यांना चहा आणून दिला.

कुलगुरू खूश झाले आणि रेकॉर्डिंगचा बेत बारगळला. समूहगान चालू राहणार होतं. सरांच्या जागी एक हुशार, शिकलेल्या मॅडम आल्या आणि आल्या आल्या त्यांनी सगळ्यांची आवाजाची चाचणी घेतली. आम्ही सगळे नापास. पात्रता विभागातच काम करत असल्यामुळे मला त्यावर काही बोलता येईना.

पुढच्या दीक्षान्त समारंभाला सर निमंत्रित म्हणून आले आणि निमंत्रितांच्या खुर्च्या सोडून मागे आमच्यात बसले. नवी बारा मुलं गायली. खोटं कशाला बोलू, अप्रतिम गायली. सरांनी सगळ्यांच्या आधी टाळ्या वाजवल्या. मग आमच्याकडे वळून म्हणाले, “फार सुरेख. फारच सुरेख.” आणि जरा वेळाने, “तुम्ही बुधवारी काय करता?”

काही करत नव्हतो. म्हणून दर बुधवारी संध्याकाळी आम्ही सीवूड्सला सरांच्या सोसायटीच्या हॉलमध्ये जमायला लागलो. सोसायटीने आधी हरकत घेतली, मग तक्रार केली, मग बुधवारी बाहेर जेवायला जायची पद्धत पाडली. सर आता आम्हाला आवाज काढायला लावत. एकेकाचं ऐकत, डोळे मिटत, कळ सोसत आणि म्हणत, “हां. बेसूर आहे, पण आहे!” ओठ हलवताना कोणी सापडला तर त्याला सगळ्यांसाठी वडापाव आणायला लागायचा.

शेवटच्या सुराबद्दल मात्र ते कडक होते. सर मूठ वर धरत आणि ती मिटलेली मूठ खाली येईपर्यंत सूर सोडायचा नाही. दम लागला तर गुपचूप श्वास घ्यायचा, तोवर शेजारच्याने धरून ठेवायचं. “एकाने सोडला तरी चालतो,” ते म्हणत, “सगळ्यांनी एकदम सोडू नका.”

मग सरांच्या बायकोचे गुडघे फारच दुखायला लागले आणि दोघं मुलाकडे नागपूरला गेले. बुधवार सुटला नाही. आम्ही खुर्चीवर उशी, उशीवर फोन असा मांडून व्हिडिओ कॉल लावायचो. सर तिथून हात हलवायचे. ते हात इथे उशिरा पोचायचे, आमचा आवाज तिकडे उशिरा पोचायचा, त्यामुळे आम्ही गाणं संपवून चहाला बसलो तरी सरांचं दुसरं कडवं चालू असायचं. एकदा शेवटच्या सुरावर सरांनी मूठ वर केली आणि नेटवर्क अडकलं. पडद्यावर मूठ तशीच. आम्ही सूर धरून उभे. मुकादम लाल झाले, जांभळे झाले. खाली वॉचमन कानावर हात ठेवून गेटबाहेर जाऊन उभा राहिला. शेवटी माझा फोन वाजला. सर साध्या कॉलवर ओरडत होते, “अहो सोडा, सोडा! मी हात केव्हाच खाली घेतला!” तिकडे मागे त्यांची बायको हसत होती.

दिवाळी झाली आणि सर गेले. सकाळी चहा घेतला, पेपर मागितला आणि गेले, असं मुलाने फोनवर सांगितलं. मी फोन ठेवला आणि पुष्कळ रडले. नवऱ्याने त्या दिवशी पेपर उघडला नाही.

बुधवारी आम्ही हॉलमध्ये जमलो. खुर्ची मांडली नाही. शोकसभा वगैरे करायचं कोणाला सुचलं नाही. कुंदामावशी म्हणाल्या, “उबं ऱ्हावा,” म्हणून रांगेत उभे राहिलो आणि विद्यापीठगीत गायलो. अर्ध्यांची चाल खरी, अर्ध्यांची हळदीची. शेवटच्या सुरावर आलो आणि मला कळलं की आता मूठ खाली आणायला कोणी नाही. मी सोडणार होते, पण मुकादम धरून होते. ते थकले तेव्हा मी धरला. कुंदामावशींच्या डोळ्यांतून पाणी चाललं होतं, पण आवाज जरासुद्धा हलत नव्हता. कोणालाच तो सूर सोडवेना. किती वेळ गेला कोण जाणे. अखेर मुकादमांना जोरात ठसका लागला, कोणीतरी त्यांना पाणी द्यायला धावलं, आणि तेव्हा कुठे आम्ही थांबलो.